डोक्याचे माप आणि मुलाचे आयुष्य : झिकाविषयक वैद्यकीय वाङ्मयाच्या परिभाषेचा परामर्श

इ. स. २०१५ च्या उत्तरार्धात ब्राझीलच्या ईशान्य भागात, विशेषतः पेर्नाम्बूको आणि पाराईबा ह्या राज्यांत, डोक्याचा घेर नेहमीपेक्षा पुष्कळच कमी असलेली अर्भके मोठ्या संख्येने जन्मास येऊ लागली. रेसीफे येथील व्हानेसा व्हान देर लिंडेन ह्यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांच्या ही गोष्ट प्रथम ध्यानात आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कांपीना ग्रांदी येथील आद्रियाना मेलो ह्यांच्या तपासणीतील दोन गर्भवती स्त्रियांच्या गर्भजलात झिका विषाणूचे अस्तित्व आढळून आले. त्या पहिल्या अर्भकांपैकी जी जगली त्यांनी २०२५ च्या अखेरीस वयाची दहा वर्षे पुरी केली. मधल्या दशकात त्यांच्याविषयी इतके वैद्यकीय वाङ्मय निर्माण झाले आहे की त्याचा साकल्याने आढावा घेणे त्या विषयातील अधिकारी व्यक्तींसही अवघड व्हावे.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. त्या वाङ्मयातील रोगनिदानाच्या खरेखोटेपणाविषयी मत देण्याचा त्याला अधिकार नाही. तथापि दोन कारणांसाठी ह्या विषयाची चर्चा भाषाविभागाच्या पत्रिकेत होणे अप्रस्तुत ठरू नये. एक तर ह्या व्याधीस आरंभी जे नाव मिळाले त्याचा परिणाम केवळ लेखनापुरता राहिला नाही; कोणते मूल मोजावयाचे, कोणाच्या घरी पुन्हा जावयाचे आणि कोणाला साहाय्य द्यावयाचे हे त्या नावाने बऱ्याच अंशी ठरविले. दुसरे असे की, ह्या मुलांच्या दीर्घकालीन अवस्थेचे जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत त्यांत ‘भाषा’ नावाचा एक रकाना आहे. त्या रकान्यात जे आकडे भरले जातात ते कशाचे असतात, हे विचारण्याचा अधिकार आमच्या शास्त्राला खासच आहे.

विषाणूची पूर्वकथा थोडक्यात सांगितली म्हणजे पुरे. १९४७ मध्ये युगांडातील झिका नावाच्या अरण्यात, पहाऱ्यासाठी ठेवलेल्या एका ऱ्हीसस माकडाच्या रक्तात तो प्रथम सापडला आणि १९५२ मध्ये डिक, किचन आणि हॅडो ह्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुणे येथे त्याच वर्षी स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्राचा ह्या कथेशी संबंध आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही. स्मिथबर्न, कर आणि गटणे ह्यांनी १९५४ मध्ये भारतीयांच्या रक्तद्रवाची जी तपासणी प्रसिद्ध केली तीत झिका विषाणूस विरोध करणारी प्रतिपिंडे काही नमुन्यांत आढळली होती. पुढे २००७ मध्ये याप बेटावर व २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात साथी आल्या. ताप, पुरळ, सांधेदुखी, डोळ्यांची लाली. आठवडाभरात रोगी बरा. अशा सौम्य व्याधीस स्वतंत्र परिभाषेची गरज कोणास भासली नव्हती. ती भासली २०१५ मध्ये, आणि तीही गडबडीत.

गडबडीत हाती आलेला शब्द म्हणजे ‘मायक्रोसेफली’. ग्रीकमधील ‘लहान’ व ‘डोके’ ह्या अर्थाच्या दोन शब्दांचा हा समास. मराठीत त्यास ‘सूक्ष्मशीर्षता’ असा प्रतिशब्द करता येतो, आणि तो निर्दोष आहे. मुळातील गुण आणि दोष दोन्ही त्यात जसेच्या तसे उतरतात. दोष हा की, हे रोगाचे नाव नव्हे. ते एका लक्षणाचे, किंबहुना एका मापाचे नाव आहे. फीत डोक्याभोवती फिरवावयाची आणि जो आकडा येईल तो एका रेषेखाली आहे की वर ते पाहावयाचे, एवढाच त्या शब्दाचा आशय. कवटी लहान राहते ती आतील मेंदू वाढत नाही म्हणून. आणि मेंदू का वाढत नाही ह्याची कारणे अनेक असू शकतात. ‘सूक्ष्मशीर्षता’ ह्या शब्दात मेंदू नाही, विषाणू नाही, आणि काळ तर मुळीच नाही.

ती रेषा कोठे ओढावयाची ह्याचा इतिहास उद्बोधक आहे. ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने प्रथम पूर्ण दिवसांच्या अर्भकासाठी ३३ सेंटीमीटर ही मर्यादा धरली. डिसेंबर २०१५ मध्ये ती ३२ वर आणली. मार्च २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वीकारून मुलासाठी ३१.९ आणि मुलीसाठी ३१.५ असे अंक निश्चित करण्यात आले. म्हणजे ऑक्टोबरात जन्मलेले ३२.५ सेंटीमीटर घेराचे मूल नोव्हेंबरात ‘सूक्ष्मशीर्ष’ होते आणि जानेवारीत नव्हते. त्याच्या डोक्यात वा मेंदूत दोन महिन्यांत जे काही घडले असेल ते घडो. शब्दकोशात मात्र त्याची जागा बदलली होती. रेषा खाली आणण्यामागे सबळ कारण होते, हे येथेच सांगितले पाहिजे. ३३ च्या रेषेखाली कितीतरी निरोगी मुले येत होती आणि त्यांच्या आईबापांवर विनाकारण धास्ती ओढवत होती. साथीच्या काळात, जेथे मेंदूची चित्रे घेण्याची यंत्रे शेकडो किलोमीटर दूर, तेथे फितीखेरीज दुसरे साधन नव्हते. तेव्हा फीत वापरणाऱ्यांस दोष देण्याचा हेतू नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. फितीचे माप हे तपासणीचे पहिले पाऊल होते. भाषेने त्याला अखेरचे पाऊल करून टाकले.

ते कसे झाले हे पाहण्यासाठी नोंदवहीची परिभाषा पाहावी. प्रत्येक नोंदीस ‘संशयित’, ‘निश्चित’ किंवा ‘त्यक्त’ ह्यांपैकी एक शब्द लावला जाई. तिसऱ्यासाठी पोर्तुगीजमध्ये ‘देस्कार्तादु’ असा शब्द आहे. पत्त्यांच्या डावात नको असलेले पान टाकून देतात त्यासही तोच धातू वापरतात. कार्यालयीन भाषेत तो निरुपद्रवी असेल. परंतु २०१६ च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात फ्रान्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी पूर्ण झालेल्या पहिल्या १,५०१ अर्भकांचा जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात असे दिसून आले की, ज्यांच्या बाबतीत रोगाची बाधा निश्चित वा संभाव्य ठरली होती अशा दर पाच मुलांमागे एकाच्या डोक्याचा घेर स्वाभाविक मर्यादेत होता. हे मूल केवळ फितीच्या नियमाने गेले असते तर ते ‘टाकून’ दिलेल्यांत जमा झाले असते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हान देर लिंडेन आणि इतरांनी अशा तेरा मुलांचे वर्णन केले की ज्यांची डोकी जन्मतः रेषेच्या वर होती, परंतु मेंदूत बाधेच्या खुणा स्पष्ट होत्या. पुढील महिन्यांत त्यांपैकी अकरा मुलांच्या डोक्याची वाढ खुंटत गेली आणि ती ‘सूक्ष्मशीर्ष’ झाली. ह्याउलट रिओ दी जानेरो येथील अभ्यासात जन्मतः ह्या वर्गात पडलेल्या दोन मुलांची डोकी पुढे स्वाभाविक मापास आली आणि त्यांचा विकासही समाधानकारक आढळला. जे लक्षण नंतर उद्भवू शकते, आणि क्वचित नाहीसेही होऊ शकते, ते जन्मजात व्याधीचे नाव कसे होऊ शकेल?

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न स्वतःच ओळखला, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. २०१६ मध्येच ‘जन्मजात झिका लक्षणसमूह’ अशी संज्ञा पुढे आली, आणि मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पाच विशेष अंगे सांगितली : कवटी अंशतः खचलेली अशी तीव्र सूक्ष्मशीर्षता, मेंदूचे पातळ झालेले बाह्यावरण आणि त्याखाली साठलेला चुना, दृष्टिपटलावरील व्रण, जन्मतः आखडलेले सांधे, आणि स्नायूंचा लवकर दिसणारा ताठरपणा. संज्ञा म्हणून ही पहिलीपेक्षा पुष्कळच सरस आहे. परंतु ती घडली सर्वांत गंभीर मुलांकडे पाहून, आणि म्हणून तिचीही एक रेषा आहे. ज्या मुलाच्या ठायी ह्या पाचांपैकी एकही अंग दिसत नाही, पण ज्याच्या आईस गर्भारपणी निश्चित बाधा झाली होती, त्यास काय म्हणावयाचे? वाङ्मयात त्यास ‘संपर्कित’ म्हणतात आणि पुढे पुष्कळदा ‘लक्षणरहित’ हे विशेषण जोडतात. ब्राझीलमधील तेरा अभ्यासांतील १,५४८ बाधित गर्भवती स्त्रियांची माहिती एकत्र करून २०२३ मध्ये जो निष्कर्ष मांडण्यात आला तो पाहता, ह्या विशेषणाविषयी सावध राहिले पाहिजे. त्यांच्या जिवंत जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांशांत बाधेशी सुसंगत असे काही ना काही वैगुण्य आढळले. सूक्ष्मशीर्षता मात्र शंभरात चारांच्या आसपास. ज्या नावाने साऱ्या जगाने ही व्याधी ओळखली ते नाव तिच्या इतक्या थोड्या भागास लागू पडत होते.

लोकभाषेने तर त्या नावाचाही संक्षेप केला. ईशान्य ब्राझीलमधील आया स्वतःस ‘मायक्रोची आई’ म्हणू लागल्या, मुलास ‘मायक्रो’. मानववंशशास्त्राच्या अंगाने ह्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२० मध्ये आपल्या लेखसंग्रहास ‘मायक्रो’ हेच नाव दिले. उपसर्ग तेवढा उरला, आणि तो माणसाचे नाव झाला. ह्यात केवळ अवहेलना पाहणे चुकीचे ठरेल; एकमेकींस ओळखण्याची ती खूण होती, आणि रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या स्त्रीला दोन अक्षरांत आपले काम सांगता येत होते. रेसीफे येथे ह्या आयांची जी संघटना उभी राहिली तिने मात्र दुसरे नाव निवडले : ‘देवदूतांच्या आयांचा संघ’. ह्या निवडीत एक करुण श्लेष आहे. ईशान्य ब्राझीलमध्ये तान्हेपणी मरण पावलेल्या मुलास ‘चिमुकला देवदूत’ म्हणण्याची जुनी रीत आहे. नावे ठेवणाऱ्या आयांना ती ठाऊक नसेल असे म्हणवत नाही.

आता कायद्याच्या भाषेकडे वळू; कारण शब्दांचे मोल तेथे पैशात मोजता येते. जून २०१६ च्या ब्राझीलच्या कायद्याने एडिस डासापासून होणाऱ्या रोगामुळे ‘सूक्ष्मशीर्षतेस बळी पडलेल्या बालकास’ किमान वेतनाइतके मासिक साहाय्य देऊ केले, तेही जास्तीत जास्त तीन वर्षे. तीन वर्षांनंतर काय होईल अशी विधिकारांची कल्पना होती, हे त्या वाक्यावरून समजत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात निघालेल्या अध्यादेशाने आजीव निवृत्तिवेतनाची तरतूद केली, पण ती ‘झिकामुळे सूक्ष्मशीर्षता असलेल्या’ आणि २०१५ ते २०१८ ह्या वर्षांत जन्मलेल्या बालकांसाठी. एप्रिल २०२० मध्ये संसदेने त्याचा कायदा करताना जन्मवर्षांची मर्यादा २०१९ अखेरपर्यंत नेली आणि मूळ शब्द काढून तेथे ‘जन्मजात झिका लक्षणसमूह’ असे शब्द घातले. बाधा निश्चित असूनही ज्यांची डोकी रेषेच्या वर राहिली होती अशा मुलांसाठी ह्या एका शब्दबदलाने कायद्याचे दार उघडले. अखेर २०२५ च्या मध्यास, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार बाजूस सारून, संसदेने जो कायदा संमत केला त्यात ५० हजार रियालांची भरपाई आणि सामाजिक विम्याच्या कमाल मर्यादेइतके मासिक वेतन आहे; आणि त्याचा लाभार्थी आहे झिकाशी संबद्ध जन्मजात लक्षणसमूहामुळे ‘कायमचे अपंगत्व आलेली व्यक्ती’. ‘बळी पडलेले बालक’ येथपासून ‘व्यक्ती’ येथपर्यंत यावयास नऊ वर्षे लागली. ह्या चार वाक्यांचा तौलनिक अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. अर्थविस्ताराची उदाहरणे आपण ज्ञानेश्वरीतून शोधतो, ती राजपत्रातही सापडतात.

वैद्यकीय वाङ्मयातील दुसरा विचारणीय शब्द म्हणजे ज्यास आपण ‘परिणाम’ किंवा ‘निष्पत्ती’ म्हणतो तो. पोर्तुगीज वैद्यक त्यासाठी ‘देस्फेशु’ हा शब्द योजते, आणि ह्याच शब्दाने नाटकाची वा कथेची अखेरही दर्शविली जाते. दोन वर्षांच्या मुलाच्या अवस्थेस कथेची अखेर म्हणणे हे केवळ परिभाषेचे अपघाती वैगुण्य नव्हे. अभ्यासांची मुदत खरोखरच तेवढी होती. प्रसिद्ध झालेल्या निबंधांपैकी बहुसंख्य निबंध पहिल्या तीन वर्षांविषयी आहेत. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी समाप्त झाल्याचे जाहीर केले, २०१७ च्या मे महिन्यात ब्राझीलने आपली. आणि आणीबाणीबरोबर जगाचे लक्षही ओसरले. घरांत मात्र कथेचे नवे अंक चालूच होते. अपस्माराचे झटके पहिल्या वर्षानंतर उग्र होत गेले. गिळता न आल्याने अन्न श्वासमार्गात जाऊन फुप्फुसांचे दाह वारंवार होऊ लागले आणि पुष्कळांच्या पोटात नळी बसवावी लागली. ताठर स्नायूंच्या ओढीने खुब्याचे सांधे निखळले. काही मुलांच्या मेंदूत पाणी साठून ते काढून देण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. हे शेवटचे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाणी साठले की डोक्याचा घेर वाढतो. म्हणजे फितीच्या भाषेत मूल ‘सुधारते’.

मृत्यूविषयीचा सर्वांत भरवशाचा अभ्यास २०२२ मध्ये पाइशाउं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. २०१५ ते २०१८ ह्या काळात ब्राझीलमध्ये झालेल्या सुमारे १ कोटी १५ लक्ष जन्मांची नोंद त्यांनी तपासली. त्यांत ३,३०८ मुले ह्या लक्षणसमूहाची होती. तीन वर्षे वयापर्यंत ह्या मुलांत दर १,००० बालक-वर्षांमागे ५२.६ मृत्यू झाले. इतर मुलांत ५.६. प्रमाण अकरा पटींहून अधिक. त्याहून बोलका तपशील पुढे आहे. फारच अपुऱ्या दिवसांच्या किंवा अत्यल्प वजनाच्या मुलांत, लक्षणसमूह असो वा नसो, मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. परंतु पूर्ण दिवसांच्या मुलांत ते चौदा पटींच्या वर गेले. ज्यांचे वजन चांगले, दिवस पुरे, त्यांच्याच बाबतीत ही तफावत सर्वांत मोठी होती. ‘वजन चांगले आहे’ हे प्रसूतिगृहातले आश्वासक वाक्य त्यांच्यापुरते निरर्थक ठरले होते. ह्या निबंधाची भाषा आकडेवारीची, रूक्ष, विशेषणविरहित आहे. आणि ह्या साऱ्या वाङ्मयात प्रस्तुत लेखकास तीच सर्वांत प्रामाणिक वाटली.

आता आमच्या स्वतःच्या रकान्याकडे, ‘भाषे’कडे, येऊ. पाराईबा राज्यातील १९ ते २४ महिने वयाच्या १९ मुलांची तपासणी करून २०१७ मध्ये जे निष्कर्ष मांडण्यात आले त्यांत १५ मुलांत तीव्र हालचालदोष आढळला, आणि १३ मुले आवाजास यथायोग्य प्रतिसाद देत नव्हती. दुसरीकडे २०१६ मध्ये रेसीफे येथे ज्या सत्तर सूक्ष्मशीर्ष मुलांचे कान यंत्राने तपासले गेले त्यांत अंतःकर्णाच्या दोषाने आलेले बहिरेपण सुमारे सहा टक्क्यांतच सापडले. ह्या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे प्रथमदर्शनी वाटते, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांस तो उलगडून सांगण्यासाठी परिच्छेद खर्चावे लागतात. मराठी व्याकरणाने ही सोय आधीच करून ठेवली आहे. ‘मुलाला ऐकू येते’ आणि ‘मूल ऐकते’ ही दोन निराळी वाक्ये आहेत. पहिल्यात मूल चतुर्थीत आहे. त्याच्याकडे काहीतरी चालत येते. दुसऱ्यात ते प्रथमेत आहे, कर्ता आहे. यंत्र पहिल्या वाक्याची परीक्षा घेते, खुळखुळा वाजविणारा परीक्षक दुसऱ्याची. ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ ह्यांचेही तसेच. दृष्टिपटल शाबूत असूनही मेंदूच्या दोषामुळे ‘न पाहणारी’ मुले ह्या अभ्यासांत पुष्कळ आहेत. वैद्यकीय मराठी लिहिणाऱ्यांनी ह्या क्रियापदयुग्मांचा बुद्धिपुरस्सर उपयोग केला, तर संस्कृतोद्भव संज्ञा घडविण्याचे पुष्कळ कष्ट वाचतील.

‘भाषा’ मोजण्यासाठी ह्या अभ्यासांत सामान्यतः बेली ह्यांच्या विकासश्रेणीची तिसरी आवृत्ती वापरली आहे. तीत सरासरी १०० आणि प्रमाण-विचलन १५ धरलेले असते. भाषेचे दोन पोटविभाग आहेत, आकलन आणि अभिव्यक्ती. दोहोंचे गुण एकत्र करून एक अंक काढतात. ह्या अंकाची खालची सीमा ४७ आहे, त्याखाली गुण नाहीत. तीव्र बाधा झालेली मुले जवळजवळ सर्वच ह्या तळाशी येऊन टेकतात. त्यामुळे आईचा आवाज ओळखून हालचाल थांबविणारे मूल, परक्याच्या आवाजाने रडणारे मूल, आणि कशाचीच दखल न घेणारे मूल ह्या तिघांचा अंक एकच येतो. पुढील वर्षी पहिल्या मुलाने हसून उत्तर देण्यास आरंभ केला तरी अंक तोच राहतो, आणि निबंधात वाक्य पडते की ‘भाषिक विकासात प्रगती आढळली नाही’. हे वाक्य मुलाविषयी नाही. ते पट्टीच्या लांबीविषयी आहे. ज्याचे स्नायूच आज्ञा पाळत नाहीत अशा मुलाच्या अभिव्यक्तीचा शून्य त्याच्या आकलनात मिळवून सरासरी काढणे, हे तर भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही पटणार नाही. ह्यापेक्षा कमी महत्त्वाकांक्षी अशी एक संज्ञापन-श्रेणी मेंदुजन्य पक्षाघाताच्या मुलांसाठी उपलब्ध आहे. परिचित आणि अपरिचित माणसांशी मूल कितपत देवघेव करू शकते एवढेच ती पाच पायऱ्यांत विचारते. दीर्घकालीन अभ्यासांनी तिचा अवलंब अधिक करावयास हवा होता.

दुसऱ्या टोकाला सौम्य बाधेची मुले आहेत. रिओ येथील २१६ मुलांचा निल्सन-सेनिस आणि सहकाऱ्यांचा २०१९ मधील निबंध ह्या बाबतीत प्रमाणभूत मानला जातो, आणि आमच्या दृष्टीने तो ह्या वाङ्मयातील सर्वांत महत्त्वाचा होय. कारण हालचाल, बुद्धी आणि भाषा ह्या तिन्ही अंगांत सर्वाधिक हानी भाषेची झाल्याचे त्याने दाखविले. तपासलेल्या १४६ मुलांपैकी ३५ टक्के मुलांची भाषा सरासरीच्या खाली होती. पूर्वी निरोगी ठरलेल्या तीन मुलांत दुसऱ्या वर्षी आत्ममग्नतेचे निदान झाले. निष्कर्ष गंभीर आहे; पण तो वाचताना गणिताची एक साधी गोष्ट विसरता कामा नये. ज्या श्रेणीची सरासरी १०० व विचलन १५ आहे तीत ८५ च्या खाली कोणत्याही सर्वसाधारण समाजातील सुमारे १६ टक्के मुले येतातच. म्हणजे साथीच्या खात्यावर सबंध ३५ टक्के मांडता येत नाहीत. शिवाय ही १६ टक्क्यांची अपेक्षा अमेरिकेतील मुलांवरून बसविलेली. रिओच्या वस्त्यांत पोर्तुगीज ऐकत वाढणाऱ्या मुलाचे पहिले शब्द कोणते, क्रियापदांची रूपे त्यास कोणत्या क्रमाने येतात, घरात त्याच्याशी किती बोलले जाते, ह्याचा हिशेब तीत नाही. त्याच वस्तीतील बाधा न झालेल्या मुलांशी तुलना केल्यावाचून हानीचे खरे माप हाती येणार नाही. एवढे म्हटल्यावर हेही म्हटले पाहिजे की, अंकाविषयी शंका घेणे म्हणजे हानीविषयी शंका घेणे नव्हे. ज्यांची डोकी मापात होती अशा मुलांकडे भाषेच्या निमित्ताने पुन्हा पाहिले गेले, हे ह्या निबंधाचे ऋण आहे.

वैद्यकेतर लेखनात देबोरा दिनीझ ह्यांचे झिकाविषयक पुस्तक (२०१६, इंग्रजी अनुवाद २०१७) अग्रगण्य आहे. ब्राझीलिया विद्यापीठातील ह्या लेखिकेने साथीची कथा आग्नेयेकडील मोठ्या शहरांच्या प्रयोगशाळांतून न सांगता ईशान्येकडील डॉक्टर आणि आया ह्यांच्या दृष्टीने सांगितली, आणि शोधाचे श्रेय कोणाकडे जाते ह्या प्रश्नास तोंड फोडले. पुस्तक वेगाने लिहिलेले आहे आणि तो वेग काही ठिकाणी जाणवतो. परंतु आयांच्या तोंडच्या शब्दांस पुराव्याचा दर्जा देणे ही त्यातील पद्धती वैद्यकीय अभ्यासकांनी उचलण्याजोगी आहे. प्रश्नावलीत आईचे निवेदन ‘पालकांचे कथन’ म्हणून यंत्राच्या निष्कर्षाखाली दुय्यम स्थानी जाते. वास्तविक मुलाच्या कोणत्या आवाजास कोणता अर्थ आहे हे त्याच्या बाबतीत जाणणारी ती एकमेव व्यक्ती असते. क्षेत्रकार्य करणारा भाषाभ्यासक अशा निवेदकास साक्षीदार मानतो, आणि त्याची उलटतपासणीही करतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे आता म्हणता येत नाही. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे महाराष्ट्रातील पहिला झिका-रुग्ण निश्चित झाला. २०२४ मध्ये राज्यात १४० रुग्णांची नोंद झाली, बहुतांश पुणे परिसरात, आणि त्यांत गर्भवती स्त्रियांची संख्या मोठी होती. त्या वर्षअखेर जागतिक आरोग्य संघटनेच्या निवेदनात ह्या साथीच्या संबंधात सूक्ष्मशीर्षतेसारखी गुंतागुंत नोंदली गेली नसल्याचे म्हटले आहे. विधान खरे आहे आणि त्यातील समाधान समजण्याजोगे आहे. पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे वरील विवेचनानंतर वाचकांच्या ध्यानात येईल. ब्राझीलच्या अनुभवाने जी व्याप्ती दाखविली तीत मोजणीच्या फितीस सापडणारा भाग अल्प आहे. आपल्याकडे बडोद्याच्या बालकांवरून प्रमिला फाटक ह्यांनी सिद्ध केलेली विकासश्रेणी आहे. ती बेली ह्यांच्याच श्रेणीवर आधारलेली असली तरी भारतीय मुलांवर बसविलेली आहे, हा तिचा मोठा गुण. तिची वयोमर्यादा तीस महिन्यांची. त्यापुढे, वाक्ये जुळू लागल्यावर, विभक्ती आणि क्रियापदांची रूपे मूल कशी वापरते, लिंगवचनाची जुळणी कोठे अडते, हे पाहण्यासाठी मराठीपुरते निराळे साधन लागेल, आणि ते घडविण्याचे काम वैद्यांचे नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बाधा झालेल्या पुण्यातील स्त्रियांची मुले त्या वर्षाच्या अखेरीस आणि पुढील वर्षाच्या आरंभी जन्मास आली. दोन शब्द एकत्र जोडण्याचे त्यांचे वय २०२६ आणि २०२७ ह्या वर्षांत येते.